सुलावेसीचा रूळ बंदरातून निघतो

नकाशावर इंडोनेशियातलं सुलावेसी बेट पाहिलं, की आधी त्याचे चार लांब हातच दिसतात. धड शोधावं लागतं. क्षेत्रफळ सुमारे १,७४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. पण नैऋत्येच्या मकासरपासून ईशान्य टोकावरच्या मनाडोपर्यंत रेल्वे न्यायची, तर रूळ जवळपास २,००० किलोमीटर लागतात. डचांच्या काळात मकासर-ताकालार अशी ४७ किलोमीटरची गाडी धावत होती. ती १९३० मध्ये बंद पडली आणि बेट रेल्वेविना राहिलं. नवं काम २०१४ मध्ये सुरू झालं. मार्च २०२३ मध्ये मारोस ते बारू या भागाचं उद्घाटन झालं.

सुरुवात मकासरसारख्या मोठ्या शहरातून न होता उत्तरेच्या बारू जिल्ह्यातून झाली, हे ऐकायला उलटं वाटतं. पण बेटावर रुळाचा प्रत्येक तुकडा जहाजातूनच यायचा, आणि बारूला गारोंगकोंग बंदर आहे. एका किलोमीटरचा हिशेब मांडून पाहा. मीटरला ५४ किलो वजनाचे रूळ धरले, तर दोन्ही बाजू मिळून १०८ टन. दर ६० सेंटिमीटरला एक याप्रमाणे १,६६७ काँक्रीट स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे), प्रत्येकी पाव टनाच्या वर, म्हणजे चारशेहून अधिक टन. शिवाय साधारण २,००० घनमीटर खडी. स्लीपर बेटावर ओतता येतात, खडी फोडता येते. रूळ मात्र बंदरातून पुढे सरकत जातात, आणि टाकलेल्या रुळावरूनच पुढचे रूळ वाहून नेता येतात.

खडीचीही एक गंमत आहे. याच मार्गावरच्या मारोस-पांगकेप पट्ट्यात चुनखडीचे डोंगरच डोंगर आहेत, सिमेंटचे कारखाने त्यावरच चालतात. म्हणून तीच खडी रुळाखाली टाकावी, असं नाही. चुनखडी घासून भुकटी होते, पावसात त्या भुकटीचा लगदा होतो, पाणी तुंबतं आणि स्लीपर हलू लागतात. खडी हवी आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या दगडासारखी, कठीण आणि टोकदार.

गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, निर्णय वादाचा. जावात रूळ १,०६७ मिलिमीटरवर. सुलावेसीत १,४३५ निवडलं. वेग आणि स्थिरता वाढते, पण जावातले जुने डबे, रूळ दुरुस्तीची यंत्रं, काहीच इथे चालत नाही. तरी मला निर्णय बरोबर वाटतो, कारण मध्ये समुद्र आहे. गाडी तशीही पलीकडे जाणार नव्हती. सुमात्रात मात्र आचेमध्ये १,४३५चा तुकडा टाकला, आणि त्या बेटावरचं बाकीचं जाळं १,०६७चं. तिथे दोन्ही टोकं भेटतील त्या दिवशी डोकेदुखी सुरू होईल.

खरा वेळ खातो तो भराव, म्हणजे रुळाखाली रचलेला मातीचा बांध. किनाऱ्यालगत भातखाचरं आहेत, आणि अशा जमिनीखाली बहुधा मऊ चिकणमाती असते. तिच्यावर माती चढवली, की आतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि भराव खचत जातो. पाण्याला जायचं अंतर निम्मं केलं, तर वेळ चौथाईवर येतो. म्हणूनच प्लास्टिकच्या पट्टीसारखे उभे निचरे मीटर-सव्वा मीटरच्या अंतराने जमिनीत ठोकतात. मातीचा थर १० मीटरचा असेल आणि पाणी वर-खाली दोन्हीकडून निघत असेल, तर एरवी त्याला ५ मीटर जावं लागतं. निचऱ्यांमुळे अर्धा-पाऊण मीटर पुरतं. ढोबळ हिशेबाने काम पन्नासपट वेगाने होतं, वर्षांचं महिन्यांत. वर जादा माती रचून ठेवतात, खचणं थांबलं की ती काढतात.

घाई केली की दोन गोष्टी बिघडतात. भराव भराभर चढवला, तर बाजूची जमीन फुगून वर येते आणि कडा घसरते. दुसरी चूक पुलाजवळची. पूल खोल पायांवर उभा असतो, तो खचत नाही. त्याला टेकलेला भराव खचतो. चाक तिथे प्रत्येक वेळी आदळतं, खड्डा वाढतो आणि वेगमर्यादेची पाटी कायमची लागते. पुलामागे काही मीटर सिमेंट मिसळलेली माती थराथराने दाबली, तर हा फरक सौम्य होतो.

त्यानंतर उन्हाची ताकद. जोडलेल्या अखंड रुळाला पसरायला जागा नसते. ५४ किलोच्या रुळात तापमान एका अंशाने वाढलं, की सुमारे १.७ टन दाब साठतो. ३० अंशांनी एका रुळात ५० टन, दोन्हींत १००. हा दाब अडवून धरते ती स्लीपरच्या टोकांबाहेरची खडी. ती कमी पडली, की रूळ नागमोडी होतो. म्हणून वेल्डिंगनंतर रूळ ठरावीक तापमानालाच घट्ट बांधतात.

पुढे मनाडोकडे जायचं, तर वाटेत पालू-कोरो भ्रंश, म्हणजे जिथे जमिनीचे दोन भाग एकमेकांवर सरकतात ती भेग, आडवा येतो. सप्टेंबर २०१८ मध्ये ७.५ तीव्रतेच्या भूकंपात त्याच्या दोन्ही बाजू काही मीटरने सरकल्या, आणि पालू शहरातल्या पेतोबो, बालारोआ या वस्त्यांखालची जमीन पाण्यासारखी वाहिली. अशा रेषेवरून रूळ न्यायचा, तर पूल किंवा बोगदा शक्यतो टाळून, साध्या बुटक्या भरावावरून. तुटला तर खडी, स्लीपर आणि रूळ घेऊन गेलेली टोळी तो काही दिवसांत पुन्हा जोडू शकते. बोगदा तुटला तर त्याला वर्षं लागतात.