अर्जासाठी फोटो, सही आणि कागदपत्रं अपलोड करताना: केबी कमी, पण चेहरा स्पष्ट

ऑनलाइन अर्जात नाव, पत्ता, शिक्षण अर्ध्या तासात भरून होतं आणि गाडी अडते ती फोटोच्या पानावर. 'फाइल साइज मर्यादेपेक्षा जास्त' असा लाल अक्षरांतला संदेश येतो. मुदत संपत आलेली असते, मग मिळेल त्या साइटवर जाऊन फोटो 'कमी' करून आणला जातो, अर्ज तो मुकाट्याने घेतो, आणि काही दिवसांनी कळतं की फोटो अस्पष्ट म्हणून अर्जात त्रुटी निघाली आहे. ही त्रुटी टाळणं अवघड नाही. आधी फोटो कापायचा, मग पिक्सेल (चित्र ज्यांचं बनतं ते ठिपके) कमी करायचे आणि क्वालिटीच्या पट्टीला, म्हणजे सेव्ह करताना फाइल किती दाबायची ते ठरवणाऱ्या सरकपट्टीला, अगदी शेवटी हात लावायचा. बहुतेक जण सुरुवातच त्या पट्टीपासून करतात.

सूचनापत्रकात नेमकं काय बघायचं

केबीचा आकडा सगळ्यांना दिसतो, पण त्याच्या आजूबाजूला आणखी अटी असतात: फाइलचा प्रकार, लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये, आणि बऱ्याचदा किमान केबीही. प्रत्येक अर्जाचे आकडे वेगळे. अमेरिकेच्या व्हिसा अर्जाला फोटो चौरसच लागतो, ६०० × ६०० ते १२०० × १२०० पिक्सेल, जेपीजी (फोटोंचा नेहमीचा फाइल प्रकार), जास्तीत जास्त २४० केबी. ब्रिटनच्या पासपोर्टला फोटो किमान ६०० पिक्सेल रुंद आणि ७५० उंच हवा, पण फाइल ५० केबीपासून थेट १० एमबीपर्यंत चालते. भरती परीक्षांच्या अर्जांत २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी अशी चिंचोळी चौकटही असते. तेव्हा एकदा बनवलेली फाइल सगळीकडे चालेल असं धरून चालू नका. सांभाळून ठेवायचा तो मूळ मोठा फोटो. प्रत्येक अर्जासाठी त्यातूनच नवी फाइल काढायची.

किमान मर्यादा पाहून लोक चक्रावतात. फाइल लहान असली तर बिघडलं काय? पण फारच लहान फाइलमध्ये चेहरा नीट ओळखण्याइतका तपशील बऱ्याचदा उरत नाही, म्हणून खालूनही कुंपण घातलेलं असतं.

एकाच फोटोच्या दोन फाइली

मध्यंतरी घरातल्या एका मुलाचा अर्ज भरून देत होतो. मोबाइलवर काढलेला फोटो ३०२४ × ४०३२ पिक्सेलचा, चार एमबीच्या आसपास. मर्यादा ५० केबी. त्याने स्वतःच कुठल्याशा अॅपमध्ये ४८ केबी करून ठेवला होता. उघडून पाहिला तर गालांवर चौकटी, केसांचा एक सपाट काळा डाग आणि भिंतीवर पायऱ्या-पायऱ्या. 'पण केबी बरोबर आहेत की,' त्याचं म्हणणं. तेही खरंच होतं.

असं का होतं ते समजायला थोडं आत शिरावं लागतं. जेपीजी हा प्रकार १९९२ साली प्रमाणित झाला. तो चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील गरजेप्रमाणे टाकून देतो. ३०२४ × ४०३२ च्या फोटोत असे १,९०,५१२ चौकोन होतात. ४८ केबी म्हणजे ढोबळमानाने ३,८४,००० बिट (बिट हा माहितीचा सर्वात लहान तुकडा, आठ बिटांचा एक बाइट). एका चौकोनाच्या वाट्याला दोन बिट आले, फक्त दोन! तेवढ्यात 'हा चौकोन काळा की पांढरा' याच्या पुढे फारसं काही सांगता येत नाही. गालांवर दिसल्या त्या चौकटी याच.

आता तोच फोटो २०० × २३० केला तर चौकोन उरतात ७२५. तेवढ्याच ४८ केबीत प्रत्येकाला जवळजवळ ६६ बाइट, म्हणजे पाचशेहून जास्त बिट मिळतात. इथे जागेची चंगळ आहे. आम्ही मूळ फोटो घेतला, डोकं-खांदे धरून कापला, २०० × २३० केला आणि नेहमीच्या क्वालिटीला सेव्ह केला. फाइल झाली १४ केबी. अर्जाने ती लहान म्हणून नाकारली! मग क्वालिटीची पट्टी वर सरकवली, २७ केबी झाले, चेहरा लख्ख. फाइल मोठी म्हणून रडणारा मुलगा शेवटी ती मोठी करत बसला होता.

कापताना प्रमाण आधी लावून घ्या. २०० × २३० साठी चौकटीचं प्रमाण २०:२३ ठेवून कापायचं, मगच पिक्सेल बदलायचे. हे न करता उभ्या फोटोवर आकडे लादले की चेहरा आडवा पसरतो. रिसाइजच्या खिडकीत 'प्रमाण कायम ठेवा' अशी खूण असते, ती काढायची वेळ आली तर कापण्यात चूक झाली आहे असं समजावं.

आणि एक: आधीच लहान झालेला फोटो ताणून मोठा करण्यात अर्थ नाही. केबी वाढतात, तपशील वाढत नाही. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करण्याचंही तसंच, दर खेपेला थोडं थोडं झिजतं.

डीपीआयचा गोंधळ

'२०० डीपीआय' असं कुठे लिहिलं असलं की लोक फोटोची ही संख्या बदलायला धावतात. पिक्सेल ठरलेले असतील तर डीपीआय ही फाइलमधली निव्वळ एक चिठ्ठी आहे: छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे याची. ती बदलल्याने २०० × २३० चा फोटो तसूभरही सुधारत नाही. डीपीआय खरा उपयोगी पडतो तो स्कॅन करताना. ३.५ × ४.५ सेंटिमीटरचा कागदी फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला की साधारण ४१३ × ५३१ पिक्सेल मिळतात, बहुतेक छोट्या मर्यादांना पुरून उरतील इतके.

कोणता फोटो पात्र ठरतो

केबी जुळले म्हणजे फोटो मंजूर, असं नसतं. अमेरिकेच्या व्हिसाला गेल्या सहा महिन्यांतलाच फोटो लागतो, २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्मा चालत नाही, आणि हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतची उंची चित्राच्या ५० ते ६९ टक्के असावी लागते. ब्रिटनचा पासपोर्ट तर गेल्या महिन्याभरातला फोटो मागतो. इतर अर्ज एवढे काटेकोर नसले तरी पांढरी किंवा फिकी पार्श्वभूमी, सरळ नजर, चेहऱ्यावर सावली नाही, हे जवळपास सगळीकडे सारखं आहे.

सेल्फी टाळाच. हाताच्या अंतरावरून नाक मोठं आणि कान लहान येतात, आणि काही फोनमध्ये समोरचा कॅमेरा चित्र आरशासारखं उलटं सेव्ह करतो. दुसऱ्या कुणाला तरी चार-पाच फुटांवरून मागच्या कॅमेऱ्याने काढायला सांगा. खिडकीकडे तोंड करून उभं राहिलात तर फ्लॅश लागत नाही. भिंतीला चिकटून उभे राहू नका, मागे सावली पडते. त्वचा गुळगुळीत करणारा मोड बंद ठेवा. ओळख पटवणाऱ्या यंत्रणेला तुमचे डाग आणि तीळ हवे असतात.

मूळ फोटो फोनमधून संगणकावर नेताना तो चॅटमध्ये 'फोटो' म्हणून पाठवू नका. व्हॉट्सअॅप तिथेच पिक्सेल कमी करतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते.

सही

सहीचा फोटो हा प्रकार जेपीजीला मुळात मानवत नाही. हळूहळू बदलणाऱ्या रंगछटा, चेहरा, आकाश, यांच्यासाठी तो उत्तम. पांढऱ्यावरची बारीक काळी रेघ दाबली की रेघेभोवती करड्या मुंग्या दिसायला लागतात. म्हणून सही जरा जाड टोकाच्या काळ्या किंवा निळ्या पेनाने करा (कोणती शाई चालते ते सूचनेत पाहून), कोऱ्या पांढऱ्या कागदावर, आणि अर्जातल्या चौकटीच्या आकाराचा अंदाज घेऊन. १४० × ६० पिक्सेल मागितले असतील तर आडवी, बसकी सही हवी. उंच वेलांटी काढणाऱ्यांची सही त्यात मुंगीएवढी होते.

कापताना सहीच्या भोवती अगदी थोडी जागा सोडा. अख्ख्या कागदाचा फोटो टाकून 'सही आहे की त्यात' म्हणणारे बरेच असतात. कागद फोटोत करडा आला तर फोनमधल्या स्कॅनरच्या सोयीने तो पांढरा करून घ्या. सावली गेली की केबीही उतरतात. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी (चित्रांचा दुसरा एक फाइल प्रकार) सही मात्र सरळ जेपीजी करू नका. जेपीजीला पारदर्शकता कळत नाही आणि काही सॉफ्टवेअर ती जागा काळी भरतात. काळ्यावर काळी सही! आधी पांढरा थर द्या.

मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहिणं ही सही म्हणून अनेक ठिकाणी चालत नाही. परीक्षेच्या दिवशी किंवा मुलाखतीला जी सही कराल तीच इथे हवी.

प्रमाणपत्रं आणि पीडीएफ

इथे पहिला प्रश्न हा की कागद मुळात डिजिटल आहे का. संकेतस्थळावरून उतरवलेलं प्रमाणपत्र बहुधा अक्षरांचं पीडीएफ असतं, बऱ्याचदा शंभर केबीच्या आत. त्याची प्रिंट काढून, ती स्कॅन करून पुन्हा पीडीएफ बनवली की तेच पान एमबीत जातं, वर अक्षरं धूसर. शिवाय डिजिटल सही (फाइल खरी असल्याची संगणकाने तपासता येणारी खूण) असलेल्या पीडीएफची प्रिंट काढली, स्कॅन केली, एवढंच काय 'प्रिंट टू पीडीएफ' केली तरी ती सही तपासण्याजोगी राहत नाही. अशी फाइल आहे तशीच जोडायची. तिला पासवर्ड असेल तर मात्र काढावा लागतो, कारण पलीकडे तपासणाऱ्याकडे तो नसतो, आणि तो काढताना नवी प्रत सेव्ह झाली की डिजिटल सहीही जाऊ शकते. अशा वेळी बिनपासवर्डची मूळ प्रत मिळते का ते आधी बघा.

कागदीच प्रमाणपत्र असेल तर ए४ पान ३०० डीपीआयवर २४८० × ३५०८ पिक्सेल होतं आणि २०० वर १६५४ × २३३९. दोनशेवर उतरलं की पिक्सेल निम्म्याहून कमी होतात आणि साधा मजकूर तरीही नीट वाचता येतो. दीडशेच्या खाली गेलात की शिक्क्यातली बारीक अक्षरं आणि अनुक्रमांक बुजायला लागतात. रंगीत प्रत मागितली नसेल तर करड्या छटांत स्कॅन करा. निव्वळ काळं-पांढरं केल्यास फाइल सगळ्यात लहान होते, पण फिकट शिक्का कधीकधी नाहीसाच होतो, तेव्हा शिक्क्याच्या पानाला ते नको.

पाठपोट कागदाची मागची बाजू विसरू नका, कोरी असली तरी 'दोन्ही बाजू' म्हटलं असेल तर द्या. पानं जोडताना क्रम सूचनेतलाच.

फाइल बरोबर, तरीही नकार

मर्यादा ५० केबी आणि फाइल ४९.७ केबी, तरी नकार येतो. विंडोज १०२४ बाइटचा एक केबी धरतं, मॅक २००९ पासून १००० बाइटचा. ५०,९०० बाइटची फाइल विंडोजवर ४९.७ दिसते आणि हजाराने मोजणाऱ्या सर्व्हरला ती ५०.९ असते. काठावर जाऊ नका, ४५-४६ वर थांबा. 'साइज ऑन डिस्क' हा दुसरा आकडा पाहायचाच नाही, तो डिस्कवर अडलेल्या जागेचा असतो.

दुसरं नेहमीचं दुखणं आयफोनचं. २०१७ पासून ते फोटो जेपीजीऐवजी एचईआयसी या वेगळ्या फाइल प्रकारात साठवतात. नावाच्या शेवटी जेपीजी लिहिल्याने प्रकार बदलत नाही, चांगला सर्व्हर फाइलच्या पहिल्या काही बाइटवरून खरा प्रकार ओळखतो. फाइल उघडून 'एक्स्पोर्ट' करूनच जेपीजी करावी, किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट 'मोस्ट कम्पॅटिबल' ठेवावा.

फोनमध्ये उभा दिसणारा फोटो अर्जात आडवा पडतो, तेव्हा दोष फोटोतल्या दिशेच्या खुणेचा असतो. फोन ती खूण वाचतो, अर्ज वाचत नाही. संगणकावर एकदा फिरवून सेव्ह केला की प्रश्न मिटतो. फाइलचं नावही साधं ठेवा: इंग्रजी अक्षरं, आकडे, मध्ये मोकळी जागा नाही, कंस नाहीत, एकच टिंब.

आकार बदलायला ओळखपत्रं अनोळखी साइटवर चढवणं मला पटत नाही. विंडोजमधलं पेंट कापणं आणि पिक्सेल बदलणं दोन्ही करतं. मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये एक्स्पोर्ट करताना पट्टी सरकवली की फाइलचा आकार तिथेच दिसतो, आणि फुकट मिळणाऱ्या जिंपमध्येही ती सोय आहे. ब्राउझरच बरा वाटत असेल तर गुगलचं स्क्वूश फोटो आपल्याच संगणकावर बारीक करतं.

अपलोड झाल्यावर अर्जातला प्रिव्ह्यू मोठा करून बघा. फोटोच्या जागी सही आणि सहीच्या जागी फोटो चढवणारे कमी नाहीत, आणि 'अंतिम सादर' दाबल्यानंतर बऱ्याच अर्जांत बदल करता येत नाही. सादर केलेल्या अर्जाची पीडीएफ उतरवून तिच्यातला फोटो छापल्यावर कसा दिसतो तेही पाहावं, कारण प्रवेशपत्रावर तोच येतो. हे सगळं दुसऱ्याच्या संगणकावर केलं असेल तर उठण्याआधी डाउनलोडचा फोल्डर आणि रिसायकल बिन, दोन्ही रिकामे करा.