सायकलचं चाक आणि पळून गेलेला स्वर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी एक संदेश फिरत होता: इंग्रजीतला एकूण एक शब्द संस्कृतातून कसा उचलला, याची लांबलचक यादी. 'मदर' म्हणजे मातृ, 'डॉटर' म्हणजे दुहितृ. इथवर नातं खरं आहे. पुढे मात्र गाडी घसरली आणि 'नेव्हिगेशन' म्हणजे 'नवगती' झालं. त्यातल्या 'नेव्ही'चं आपल्या 'नौ'शी नातं आहे, पण उरलेल्या भागाचा गतीशी काही संबंध नाही. तो हाकणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला आहे. खाली अर्थात पन्नास नमस्कार.

दुसऱ्या दिवशी मी सायकल दुरुस्तीला नेली. पेठेतलं जुनं दुकान, पुणं सायकलींचं शहर होतं त्या काळातलं. पोराने चाकं फिरवून पाहिली आणि म्हणाला, "काका, पुढचं व्हील चांगलंय, मागच्या चाकाला आउट आहे, डुलतंय. सायकल संध्याकाळी न्या."

त्याच्या या दोन ओळींत एकच शब्द तीनदा येऊन गेला होता. व्हील, चाक आणि सायकल हे तिन्ही मुळात एकच. गंमत म्हणजे सोसायटीच्या त्या लांबलचक यादीत नेमकी हीच जोडी नव्हती, कारण 'व्हील' आणि 'चाक' कानाला अजिबात सारखे लागत नाहीत. सारखेपणावर जाण्यात हाच धोका आहे. इंग्रजी 'बॅड' आणि 'बदनाम'मधला फारसी 'बद' यांचा उच्चार जवळपास एक, अर्थही एक, आणि नातं शून्य. निव्वळ योगायोग. नातं ठरतं ते ध्वनी कुठल्या नियमाने बदलले यावरून, आणि तो नियम इतर शेकडो शब्दांनाही लागू पडावा लागतो.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी, इंग्रजी या सगळ्यांची एक समाईक पूर्वज भाषा होती. लिहिलेली नाही, लेकींवरून ताडलेली. ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यातल्या भाषणात ही कल्पना मांडली. संस्कृत तिथे आई नाही, थोरल्या बहिणींपैकी एक आहे. या पूर्वज भाषेत 'क्वेल' म्हणजे फिरणे. आपण गरगर, भिरभिर म्हणतो तसा त्या लोकांनी धातू दुहेरी केला आणि शब्द झाला साधारण 'क्वे-क्व्लो-स'. फिरफिरणारं ते चाक. चाकाचा शोध सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा. स्लोव्हेनियातल्या दलदलीत पाच हजार वर्षांहून जुनं लाकडी चाक आसासकट सापडलं आहे. वस्तूच्या आधी तिचं नाव असणं कठीण, म्हणून हा शब्द त्या भाषेच्या वयाचाही पुरावा ठरतो.

आता माझा लाडका भाग. आधी 'कू' म्हणा, मग 'की' म्हणा. जिभेचा मागचा भाग टाळूला कुठे टेकतो? 'कू'ला पार मागे, 'की'ला बराच पुढे. इ आणि ए यांसाठी जीभ पुढे लागते, म्हणून ती 'क' उच्चारतानाच पुढच्या स्वराची तयारी करते. हे पुढे सरकणं पिढ्यानपिढ्या वाढत गेलं की 'क'चा 'च' होतो. मराठीत 'स'चं असंच होतं: म्हैस, पण म्हशी, वीस, पण विशी. जर्मन शिकणाऱ्यांना ठाऊक असेल की हनुवटीला जर्मनमध्ये 'किन' आणि इंग्रजीत 'चिन' म्हणतात.

'क्वे-क्व्लो-स'मध्ये दोन 'क्व' आहेत. पहिल्यापुढे ए, दुसऱ्यापुढे ल. म्हणून पहिल्याचा झाला च, दुसरा क राहिला. 'ल'चा 'र' झाला, आणि तयार झालं चक्र. पण थांबा, चक्रमध्ये ए आहेच कुठे? तिथे तर अ आहे! हाच तो पळून गेलेला स्वर. संस्कृतच्या पूर्वरूपात तो ऱ्हस्व ए होता. त्याने क'चा च केला आणि मग स्वतः अ होऊन बसला. चोर गेला, वाळूत पाऊल राहिलं.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी 'कृ'चं 'चकार' आणि 'गम्'चं 'जगाम' पाठ केलं असेल. पाणिनीने यासाठी 'कुहोश्चुः' असं सूत्रच दिलं: द्वित्वात, म्हणजे धातू दुहेरी होताना, कवर्गाचा चवर्ग. असं घडतं हे त्याने अचूक टिपलं. का घडतं, हे १८७०च्या दशकात युरोपातल्या काही अभ्यासकांना जवळपास एकाच वेळी उमगलं: द्वित्वातला स्वर मुळात ए होता. 'रामश्च'मधला 'आणि' या अर्थाचा 'च' घ्या. लॅटिनमध्ये तोच शब्द 'क्वे' आहे, ए शाबूत. 'पञ्च'ला लॅटिनमध्ये 'क्विंक्वे', ग्रीकमध्ये 'पेन्ते'. तिथेही शेवटी ए. तोपर्यंत संस्कृतचा अ मूळचा आणि ग्रीकचे ए-ओ नंतरचे, असा समज होता. तो उलटा पडला. स्वरांच्या बाबतीत ग्रीकच जास्त जुनी निघाली. व्यंजनांत संस्कृतचा मान मोठा आहे, पण एका बहिणीकडे सगळेच दागिने नसतात.

इंग्रजीकडची वाट वेगळी. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेल्या नियमानुसार त्या शाखेत मूळ 'क'चा 'ह' होतो. म्हणून आपलं कोण तिकडे 'हू', आपलं काय तिकडे 'व्हॉट'. त्याच हिशेबाने 'क्वे'चं 'ह्वे' झालं. दुसऱ्या 'क्व'चा आधी 'ग'सारखा उच्चार झाला (तो का, हे कार्ल व्हेर्नरने १८७७ साली सोडवलं, आघाताच्या जागेचा मामला आहे, इथे नको), मग तोही झिजला. जुन्या इंग्रजीत 'ह्वेओगोल' आणि 'ह्वेओल' दोन्ही सापडतात. त्यातून व्हील. इकडे प्राकृतात चक्राचं चक्क आणि मराठीत चाक. सप्त, सत्त, सात यांच्यासारखंच. फारसीतून फिरून आलेला चरखाही याच घरातला. सात चक्रं शुद्ध करून देणाऱ्या शिबिरांच्या पाट्या शहरात जागोजागी दिसतात. ती चक्रं शुद्ध होतात का, याचा पुरावा मला कुठे दिसलेला नाही. शब्द मात्र गाडीच्या चाकाचाच आहे.

सायकलचं प्रकरण तर त्याहून सरस. ग्रीक 'कुक्लोस' लॅटिनमध्ये गेला आणि तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. वाटेत पहिल्या 'क'पुढे इ'सारखा स्वर होता, म्हणून त्याचा 'स' झाला. दुसऱ्यापुढे ल, म्हणून तो क राहिला. 'चक्र' आणि 'सायकल' शेजारी ठेवून पाहा: पहिला क मऊ, दुसरा कडक, दोन्हीकडे. या दोन घटनांत दोन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर आहे आणि एकीचा दुसरीशी काही संपर्क नाही. जीभ तेवढी तीच.

संध्याकाळी पोराने आरे आवळून आउट काढला होता. सायकल घेऊन मी कॉलनीत परतलो. कॉलनी हा शब्द लॅटिन 'कोलेरे'वरून आला, म्हणजे जमीन कसणे, वस्ती करणे. आणि 'कोलेरे' आला 'क्वेल'वरून.