डायालिसिस सुटले, ते कोणामुळे?

पावसाळ्यात कोकणात लेप्टोचे रुग्ण वाढतात. लावणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या भेगांतून जंतू आत शिरतात. ताप येतो, डोळे लाल-पिवळे होतात, पोटऱ्या ठणकतात आणि काहींचे क्रिएटिनिन (रक्तातला तो कचरा, जो किडनीने गाळून टाकायचा असतो) सात-आठवर जाते. मग डायालिसिस. या आजारातून जे वाचतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचे डायालिसिस काही आठवड्यांत सुटते आणि क्रिएटिनिन पुन्हा एकच्या आसपास येते. दरम्यान घरच्यांनी कोणाकडून तरी काढा आणलेला असतो. गावभर बोलबाला होतो: अमक्याच्या काढ्याने किडनी नवी झाली! पुढे तोच काढा मधुमेहामुळे वर्षानुवर्षे झिजत किडनी गेलेल्या माणसाला पाजला जातो. तिथे त्याचा काही उपयोग होत नाही, पण ती गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही.

पहिल्या रुग्णाची किडनी बरी झाली हे खरेच आहे, फक्त ती काढ्याविनाही झाली असती. किडनी स्वतःची दुरुस्ती स्वतः करते. चमत्काराच्या जवळजवळ सगळ्या जाहिराती या दुरुस्तीच्या जिवावर चालतात. म्हणून ही दुरुस्ती नेमकी होते कशी आणि कुठे अडते, हे जरा खोलात जाऊन बघू.

शाळेतली उजळणी थोडक्यात. प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या एका टोकाला केशवाहिन्यांचा गुच्छ असतो, तिथे रक्त गाळले जाते. पुढे वळणावळणाची नलिका. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि आपण लघवी करतो ती दीड-दोन लिटर. उरलेले सगळे नलिकांच्या भिंतीतल्या पेशी परत रक्तात ओढून घेतात. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश काम गुच्छाला लागून असलेल्या पहिल्या भागात होते. या भागातल्या पेशींना ऊर्जा प्रचंड लागते, त्या मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात. साहजिकच रक्तपुरवठा कमी पडला, काही विषारी औषध पोटात गेले किंवा लेप्टोचा जंतू आला, की आधी मरतात त्या याच. (गंमत म्हणजे हाच जंतू उंदराच्या नलिकांत सुखाने राहतो, उंदराला काही होत नाही, आणि त्याच्या लघवीतून शेतात उतरतो.)

आता 'किडनी नवी होते' या दाव्याबद्दल. माणसात नवे नेफ्रॉन गर्भावस्थेच्या साधारण 36व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. ते बनवणाऱ्या आद्य पेशी तोवर वापरून संपतात. त्यानंतर जन्मभर एकही नवा नेफ्रॉन बनत नाही. एक किडनी दान केलेल्या माणसाची दुसरी किडनी मोठी होते आणि काही महिन्यांत दोघींच्या मिळून कामाच्या साधारण 65 ते 70 टक्के काम एकटी करू लागते. पण तिथेही आहेत तेच नेफ्रॉन फुगलेले असतात, संख्या तेवढीच राहते. मासे या बाबतीत आपल्यापेक्षा नशीबवान. झेब्राफिशच्या किडनीत नेफ्रॉनच्या आद्य पेशी मोठेपणीही शिल्लक असतात. इजा झाली की त्या अख्खे नवे नेफ्रॉन घडवतात, असे 2011 साली दाखवले गेले.

म्हणजे आपल्या हातात उरते ती नलिकांची डागडुजी. लेप्टोत गुच्छ बहुधा शाबूत राहतात, नलिकेच्या भिंतीतल्या पेशी तेवढ्या गळून पडतात. त्यांच्या खालचा पातळ पडदा जागेवर असतो, त्यावर नव्या पेशी बसल्या की काम पुन्हा सुरू. घोणस चावल्यावर मात्र कधीकधी किडनीच्या बाहेरच्या थरातला रक्तप्रवाहच गोठतो आणि गुच्छांसकट सगळे मरते. अशी किडनी सहसा पूर्ववत होत नाही. मधुमेहात घाव गुच्छांवर हळूहळू पडत जातो. तिथल्या गाळणीच्या पेशींना विभाजन जवळजवळ जमतच नाही, त्या सुटून लघवीतून निघून जातात आणि मागे व्रण राहतो. डायालिसिसच्या खोलीत शेजारच्या खाटांवर झोपलेल्या तिघांच्या कागदांवर 'किडनी फेल' एवढेच लिहिलेले असले, तरी आत घडलेले तीन निराळे प्रकार असतात.

नलिकेच्या त्या नव्या पेशी येतात कुठून, हा प्रश्न अनेक वर्षे वादात होता, आणि तो ज्या युक्तीने सुटला ती मला फार आवडते. 2003च्या सुमारास उंदरांवरच्या काही प्रयोगांतून असा निष्कर्ष निघाला, की अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल रक्तातून किडनीत जातात आणि तिथे नलिका बांधतात. बातमी पसरायला वेळ लागला नाही, 'स्टेम सेल टोचून किडनी बरी' करणारी दुकानेही उघडली. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशी एकमेकींवर आल्या, तर रक्तातली पांढरी पेशीसुद्धा नलिकेतली असल्यासारखी भासते. नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवून चालणार नव्हते.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या बेंजामिन हम्फ्रीज, जोसेफ बॉनव्हेंट्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली वेगळी वाट काढली. गर्भात नेफ्रॉन बनवणाऱ्या आद्य पेशींत 'सिक्स-टू' नावाचे जनुक चालू असते, अस्थिमज्जेत किंवा नलिकांच्या मधल्या जागेतल्या पेशींत ते नसते. त्यांनी उंदराच्या डीएनएत अशी तजवीज केली, की हे जनुक ज्या पेशीत एकदा चालू होईल, त्या पेशीत एक विकर (एन्झाइम) डीएनएचा ठरावीक तुकडा कापून टाकेल आणि रंग देणारे जनुक कायमचे सुरू होईल. कापलेला तुकडा परत येत नाही, म्हणून त्या पेशीची मुले, नातवंडे, पतवंडे सगळी रंगीत. मोठ्या झालेल्या उंदराच्या नलिकांतल्या जवळजवळ सगळ्या पेशी अशा रंगलेल्या होत्या. मग किडनीची रक्तवाहिनी काही वेळ चिमट्याने बंद करून नलिकांना इजा केली आणि त्या भरून येईपर्यंत वाट पाहिली.

दुधात पाणी घातले की दूध पातळ होते. बाहेरून बिनरंगी पेशी येऊन नलिकेत बसल्या असत्या, तर रंगीत पेशींचे प्रमाण तसेच घटले असते. ते घटले नाही. इजेआधी जेवढे होते तेवढेच भरले. म्हणजे नव्या पेशी बाहेरून आलेल्या नव्हत्या, इजेतून वाचलेल्या नलिकेतल्याच पेशींची ती संतती होती. आपल्याकडे आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतल्या प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर केवळ मंजूर चाचण्यांतच करता येतो. किडनीसाठी लाखो रुपये मागणाऱ्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारून बघा.

वाचलेल्या पेशी हे काम करतात कसे? आधी त्या आपले रोजचे काम सोडतात. शोषणासाठी असलेली झालर आवरून घेतात, चपट्या होतात आणि गर्भावस्थेतली काही जनुके पुन्हा चालू करतात. त्यांच्या पृष्ठभागावर 'किम-वन' नावाचे प्रथिन उगवते आणि त्याच्या मदतीने त्या मेलेल्या शेजारणींचे अवशेष चक्क गिळून नलिका मोकळी करतात. एरवी हे काम पांढऱ्या पेशींचे. मग विभाजन, मोकळ्या जागेवर पसरणे, आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखी झालरदार पेशी होणे. हा शेवटचा टप्पा लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

बोस्टनच्या प्रयोगाने बाहेरचे कोणी येत नाही एवढेच ठरले. आतल्या सगळ्याच पेशी सारख्या कामाच्या आहेत का, यावर वाद अजून चालू आहे. इटलीतल्या फ्लोरेन्सच्या पाओला रोमान्यानी यांच्या गटाने 2018 साली दाखवले, की इजेनंतर बऱ्याच पेशी विभाजनाची तयारी करतात, डीएनएची दुसरी प्रतही काढतात, पण दोन होतच नाहीत. दुप्पट डीएनए घेऊन आकाराने मोठ्या होतात आणि गेलेल्या पेशींचे काम अंगावर घेतात. खरे विभाजन करतो तो एक छोटा गट. विभाजनाच्या नेहमीच्या खुणेचे रंग दोन्ही प्रकारांत सारखेच उमटतात, त्यामुळे आधीच्या अभ्यासांत हे निसटले, असे त्यांचे म्हणणे. हे खरे असेल तर क्रिएटिनिन नॉर्मल आले तरी काही पेशी कायमच्या गेलेल्या असतात. किडनीच्या अशा आजारातून उठलेल्याने तीन महिन्यांनी पुन्हा क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्यावे असे डॉक्टर सांगतात, ते यामुळेच रास्त वाटते. आपल्याकडे ताप उतरला की फाईल माळ्यावर जाते.

आता दुरुस्ती बिघडते कशी, ते पाहू. पेशी विभागण्याआधी डीएनएची प्रत काढते आणि ती नीट निघाली का ते तपासते. डीएनएला फार इजा झालेली असेल तर तपासणीच्या नाक्यावरच पेशी थांबते. जीवशास्त्रात या टप्प्याला जी-टू/एम म्हणतात. 2010 साली बॉनव्हेंट्रे यांच्याच प्रयोगशाळेने उंदरांच्या किडनीला पाच प्रकारे इजा करून पाहिली. जिथे किडनी पुढे व्रणाने भरली, तिथे तिथे नलिकेतल्या पुष्कळ पेशी या नाक्यावर अडकलेल्या सापडल्या. अडकलेली पेशी गप्प बसत नाही. ती वाढीचे संदेश देणारी प्रथिने सोडत राहते, टीजीएफ-बीटा त्यातलेच एक. आजूबाजूच्या तंतुपेशी त्या संदेशांनी चेकाळतात आणि कोलॅजनचे थर घालत जातात. नलिकांमधली जागा तंतूंनी भरते, सूक्ष्म रक्तवाहिन्या आक्रसतात, शेजारची धडधाकट नलिकाही उपाशी पडते. तीव्र आजार जुनाट होतो तो असा. या अडकण्यात पी-53 या प्रथिनाचा हात असतो. ते औषधाने रोखले तेव्हा उंदरांत व्रण कमी झाले.

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायमधल्या संजीव कुमार यांच्या गटाने 2024 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याची आणखी एक बाजू मांडली. इजा झालेल्या पेशी सॉक्स-9 हे जनुक चालू करतात. जी पेशी पूर्ववत होते ती ते बंद करते. जिला ते जमत नाही, तिच्याभोवती व्रण तयार होतो. दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच किडनीत, कधी अगदी जवळजवळ असतात. म्हणजे भरून येणे आणि व्रण होणे यांची सुरुवात एकच, फरक काम आटोपून परत फिरण्याचा.

प्रयोगशाळेतल्या किडनीबद्दल फार लिहीत नाही. 2015 साली मेलिसा लिटल यांच्या ऑस्ट्रेलियातल्या गटाने मानवी पेशींपासून नेफ्रॉन असलेले इवलेसे किडनीसदृश गोळे वाढवले. औषधांची विषारीपणाची चाचणी घ्यायला ते उत्तम, पण गर्भातल्या किडनीइतके कोवळे, आणि लघवी बाहेर जायला वाट नाही. 2011 मध्ये एका जाहीर व्याख्यानात 'किडनी छापली' म्हणून जगभर गाजावाजा झाला होता, तो निव्वळ किडनीच्या आकाराचा नमुना होता, आणि संबंधित संस्थेला तसा खुलासा करावा लागला. मूत्राशय ही त्या मानाने साधी पिशवी. रुग्णांच्याच पेशींपासून वाढवलेल्या मूत्राशयाचे सात रुग्णांवरचे आशादायक निष्कर्ष 2006 मध्ये आले. पुढच्या चाचणीत तेवढेही यश टिकले नाही.

आता काढ्याकडे एकदा परत जावे लागेल. उंदरांना इजा करायच्या त्या पाच प्रकारांत एक होता अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींत ते असते. आपल्याकडची सापसंद त्यातलीच. नलिकेच्या पेशी हे आम्ल आत ओढून घेतात, ते डीएनएला चिकटते आणि पेशी नाक्यावर अडकते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन घटवण्यासाठी दिलेल्या वनौषधींच्या गोळ्यांत चुकून अशी वनस्पती मिसळली गेली. शंभरहून अधिक लोकांच्या, बहुतेक बायकांच्या, किडन्यांना इजा झाली आणि त्यांतल्या अनेकांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या. त्यांच्यापैकी 39 जणांच्या निकामी किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा 18 जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग निघाला.

पी-53 रोखून पेशींना नाक्यावरून पुढे ढकलण्याचे औषध का आले नाही, याचे एक उत्तर या आकड्यात आहे. डीएनए फाटलेल्या पेशीला थांबवणे हे पी-53चे कामच आहे. ते बंद पाडले तर व्रण टळतील, पण खराब प्रत घेऊन पेशी विभागत राहील. म्हणून आता अनेकांचा भर अडकलेल्या पेशीला पुढे ढकलण्यावर कमी आणि तिचे संदेश अडवण्यावर जास्त आहे. सिंगापूरच्या गटाने 2022 मध्ये इंटरल्यूकिन-11 हा संदेश प्रतिपिंडाने रोखला, तेव्हा उंदरांत व्रण कमी झाले आणि नलिका पुन्हा भरून येऊ लागल्या, जुनाट इजेतसुद्धा.