दिल्लीतले १९ आणि मुंबईतले ७८

जून २०२२ मध्ये मुंबईच्या विधान भवनात दहा दिवसांच्या अंतराने दोन निवडणुका झाल्या. १० तारखेला राज्यसभेची आणि २० तारखेला विधान परिषदेची. मतदार तेच, म्हणजे विधानसभेतले आमदार. मतपत्रिकेवर नावासमोर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायची पद्धत तीच. ते आकडे ज्याने लिहायचे, तो निवडणूक अधिकाऱ्याने दिलेला जांभळा स्केचपेनही तोच. त्यामुळे चहाच्या टपरीवर दोन्हींची खिचडी झाली, तर त्यात टपरीवाल्यांचा फार दोष नाही. ‘वरिष्ठ सभागृह’ दोघांनाही म्हणतात. सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त, वयाची अट तीस, ‘मागच्या दाराने आले’ हा टोमणा, हे सगळं दोघांना समान.

त्यात नावांनी भर घातली आहे. ज्या सभागृहाच्या नावात ‘राज्य’ आहे ते भरतं दिल्लीत, आणि जे खरोखर राज्याचं आहे त्याच्या नावात राज्याचा पत्ताच नाही. इंग्रजीतही सुटका नाही, कारण तिथे दोन्हीकडे ‘कौन्सिल’ येतं. आजची राज्यसभा १९५२ मध्ये सुरू झाली ती ‘कौन्सिल ऑफ स्टेट्स’ या नावाने. ‘राज्यसभा’ हे नाव मिळालं ऑगस्ट १९५४ मध्ये. विधान परिषद म्हणजे ‘लेजिस्लेटिव्ह कौन्सिल’.

या कौन्सिल शब्दाने डॉ. आंबेडकरांच्या चरित्राशीही खेळ केलेला मी पाहिला आहे. ते १९२७ मध्ये मुंबईच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये आले, म्हणून ‘बाबासाहेब विधान परिषदेवर होते’ असं सर्रास लिहिलं जातं. पण तेव्हा मुंबई इलाख्यात सभागृह एकच होतं आणि त्याचंच नाव कौन्सिल. असेंब्ली आणि कौन्सिल अशी दोन सभागृहं झाली १९३७ मध्ये, आणि त्या वेळी आंबेडकर निवडून आले ते असेंब्लीवर. राज्यसभेत मात्र ते नक्की होते. १९५२ ला लोकसभेची निवडणूक हरल्यावर मुंबई राज्यातून ते तिथे गेले आणि अखेरपर्यंत सदस्य राहिले.

आता राज्यसभेतले आपले १९. हा आकडा आला कुठून?

१९५२ मध्ये मुंबई राज्याला १७ जागा होत्या, पण मराठी मुलूख तेव्हा एका छपराखाली नव्हता. विदर्भ मध्य प्रदेशाच्या १२ जागांत मोडत होता, मराठवाडा हैदराबादच्या ११ मध्ये. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, गुजरातपासून विदर्भापर्यंतचं अवाढव्य द्विभाषिक मुंबई राज्य उभं राहिलं आणि त्याच्या वाट्याला २७ जागा आल्या. १ मे १९६० ला ते मोडलं. महाराष्ट्राला १९, गुजरातला ११. बेरीज करून पाहा. ३० होते.

घर वाटलं आणि भांडी तीनने वाढली. याचं उत्तर जागावाटपाच्या सूत्रात आहे. लोकसंख्येच्या पहिल्या ५० लाखांपर्यंत दर १० लाखांमागे एक जागा. त्यापुढे हात आखडता, दर २० लाखांमागे एक, आणि शेवटी उरलेले लोक १० लाखांहून जास्त असले तर त्यांची आणखी एक. लहान राज्यांवर अन्याय होऊ नये म्हणून केलेली ही सोय. द्विभाषिकाला पहिल्या ५० लाखांची सवलत एकदाच मिळत होती, दोन राज्यं झाल्यावर ती दोनदा मिळाली. १९५१ च्या जनगणनेचे आकडे घालून पाहिले की गणित चपखल बसतं. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत तेव्हा ३ कोटी २० लाख आणि वर जेमतेम अडीच हजार माणसं होती. पहिल्या ५० लाखांच्या पाच, पुढच्या २ कोटी ६० लाखांच्या तेरा, झाल्या अठरा. उरले १० लाख आणि वरचे ते अडीच हजार. एकोणिसावी जागा त्या अडीच हजारांच्या जिवावर आहे. एखाद्या मोठ्या गावाएवढी माणसं कमी भरली असती, तर आपण १८ वर थांबलो असतो.

गंमत म्हणजे तो हिशेब तिथेच गोठला. २०११ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर गेली होती, जागा मात्र १९ च. तेच सूत्र आज लावलं तर ५९ येतात! अर्थात सगळ्याच राज्यांचे आकडे फुगतील आणि निवडून येणाऱ्यांची २३८ ची घटनात्मक मर्यादा पार उडून जाईल, म्हणून कुणी त्या वाटेला जात नाही. तरीही उत्तर प्रदेशाच्या ३१ नंतर आपलाच क्रमांक लागतो. तामिळनाडू १८, बंगाल आणि बिहार प्रत्येकी १६. गोव्याला एक. गोव्यात विधान परिषदच नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला या लेखातला गोंधळ होत नाही, सुखी माणूस.

विधान परिषदेच्या ७८ ला लोकसंख्येशी असं थेट नातं नाही. घटना एवढंच सांगते की परिषद विधानसभेच्या एक तृतीयांशाहून मोठी नको आणि ४० हून लहान नको. त्या ७८ मध्ये आमदारांनी निवडलेले ३०. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा अशा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी निवडलेले २२. शिक्षक ७, पदवीधर ७ आणि राज्यपालनियुक्त १२. म्हणजे राज्यसभेच्या १९ जणांना मत देणारे फक्त २८८ आमदार, तर परिषदेतल्या काहींना मत देणारे तुमच्याआमच्यातले असतात. पदवी मिळून तीन वर्षं झालेला कुणीही पदवीधरचा मतदार होऊ शकतो. फक्त विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे इथेही असेल असं नाही, यादी दर वेळी नव्याने होते आणि अर्ज पुन्हा भरावा लागतो. दरवेळी हजारो सुशिक्षित लोक केंद्रावर जाऊन रिकाम्या हाताने परततात ते याच कारणाने. गेलेल्यांपैकीही काही जण सवयीने बरोबरची खूण करून येतात आणि मत बाद होतं. आकडाच लिहायचा असतो, बाकी काही नाही.

दोन्हीकडचे ते ‘१२ नियुक्त’ हाही घोळाचा पक्का मुद्दा. राज्यसभेचे बारा राष्ट्रपती नेमतात, साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतून. परिषदेचे बारा राज्यपाल नेमतात आणि त्यांच्या यादीत एक क्षेत्र जास्त आहे, सहकारी चळवळ. साखर कारखान्यांच्या या मुलखात तो शब्द किती कामाला आला असेल ते सांगायला नको. पण त्याच दाराने गदिमा आणि ना. धों. महानोरही आले, हे विसरू नये. लतादीदी आणि सचिन तेंडुलकर राज्यसभेत होते ते राष्ट्रपतिनियुक्त म्हणून. आपल्या १९ मध्ये ते कधीच नव्हते, ते कुठल्याच राज्याचे नव्हते.

मग १९ जण तरी राज्याचे असतात का? इथे माझं मत जरा कडवट आहे. २००३ पर्यंत राज्यसभेच्या उमेदवाराचं नाव त्याच राज्याच्या मतदार यादीत असणं बंधनकारक होतं. त्या वर्षी कायदा बदलला आणि देशातल्या कुठल्याही यादीत नाव असलं की भागू लागलं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. त्यानंतर महाराष्ट्राच्या कोट्यातून उत्तर प्रदेशातले राजीव शुक्ला गेले, २०२२ ला तिथल्याच प्रतापगढचे इम्रान प्रतापगढी गेले. उलट पुण्याचे प्रकाश जावडेकर मध्य प्रदेशाचे प्रतिनिधी झाले आणि कोकणचे सुरेश प्रभू आधी हरियाणाचे, मग आंध्रचे. माणसं कर्तबगार असतील, तो प्रश्न वेगळा. पण सूत्र लावून, अडीच हजार माणसं मोजून राज्याला जागा द्यायची आणि माणूस पाठवायचा पक्षाच्या सोयीचा, हे मला पटत नाही. विधान परिषदेला ही मुभा नाही. तिथे राज्यातल्या मतदार यादीत नाव लागतंच.

अधिकारांचं थोडक्यात. अर्थविधेयक दोघांनाही १४ दिवसांहून जास्त अडवता येत नाही. साधं विधेयक मात्र राज्यसभा खरोखर रोखू शकते, तिढा सुटला नाही तर संयुक्त बैठक बोलवावी लागते. घटनादुरुस्ती तर तिच्याशिवाय होतच नाही. परिषदेच्या हातात आधी तीन महिने आणि पुन्हा एक महिना एवढाच उशीर आहे, शेवटी विधानसभेचंच खरं. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्यसभेचे निवडून आलेले सदस्य मत देतात, परिषदेच्या आमदारांना तिथे मत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीतही नाही. राज्यसभा बरखास्त होत नाही, परिषद रद्द होऊ शकते. बंगालने १९६९ ला, तामिळनाडूने १९८६ ला ती मोडली. आंध्रने १९८५ ला मोडली आणि २००७ ला परत आणली. आज देशात सहाच राज्यांत परिषद उरली आहे.

एकाच माणसाच्या बाबतीत हा फरक पाहायचा तर पृथ्वीराज चव्हाण. नोव्हेंबर २०१० मध्ये ते मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यसभेचे खासदार होते, तेही महाराष्ट्राचेच. पण त्याचा मुख्यमंत्रिपदाला काडीचा उपयोग नाही. सहा महिन्यांत राज्याच्या विधिमंडळाचं सदस्य व्हावं लागतं आणि राज्यसभा राज्याच्या विधिमंडळात मोडत नाही. त्यांनी दिल्लीची जागा सोडली आणि विधान परिषदेवर आले. २०२० मध्ये उद्धव ठाकरेही मुदत संपायच्या जेमतेम दोन आठवडे आधी परिषदेवरच बिनविरोध निवडून आले.

आता पुन्हा त्या जूनकडे. १० तारखेला सहा जागांसाठी सात उमेदवार होते. महाराष्ट्रात राज्यसभेसाठी प्रत्यक्ष मतदान होत होतं २४ वर्षांनी. जिंकायला ४१ मतं लागणार होती. शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मिळाली आणि भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. तरी निवडून आले महाडिक, कारण भाजपच्याच पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांच्या प्रत्येकी ४८ मतांतली जादा मतं दुसऱ्या पसंतीने त्यांच्याकडे वळली. राज्यसभेचं मतदान उघड असतं. आमदाराने आकडे लिहिलेली मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, त्यालाच, दुसऱ्या कुणालाही नाही. अपक्षाने कुणालाच दाखवायची नाही. शिवसेनेचे आमदार सुहास कांदे यांचं मत या दाखवण्याच्या नियमावरच बाद झालं आणि निकाल पहाटेपर्यंत लांबला.

२० तारखेला जागा दहा, उमेदवार अकरा, जिंकायला लागणारी मतं सुमारे २६. तेच आमदार, तेच जांभळे पेन. पण परिषदेचं मतदान गुप्त असतं, पत्रिका कुणाला दाखवायची नसते, आणि भाजपची मतं दहा दिवसांपूर्वीच्या १२३ वरून आणखी दहाएक वाढली. काँग्रेसचे पहिल्या पसंतीचे उमेदवार चंद्रकांत हंडोरे पडले, दुसरे भाई जगताप निवडून आले. मतं कुणाची फुटली ते शोधायला काँग्रेस बसेपर्यंत एकनाथ शिंदे आपल्या आमदारांना घेऊन सुरतेच्या वाटेला लागले होते.

हंडोरे फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेवर गेले. त्या वेळी सहा जागांना सहाच उमेदवार उरले होते, पेन हातात घ्यायची वेळच कुणावर आली नाही.