लेखक-प्रेक्षक प्रश्नोत्तरे (‘बॅबिलॉन ५’)

दूरचित्रवाणी मालिकेचे भाग आणि त्यांतील पात्रे यांविषयी चाहत्यांनी थेट लेखकाला प्रश्न विचारायचे आणि लेखकाने स्वतः उत्तरे द्यायची, ही प्रथा अमेरिकेत विज्ञानकथा-मालिकांच्या अवतीभवती वाढली. तिचे सर्वांत ठळक उदाहरण ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेचे. मालिकेचे जनक जे. मायकेल स्ट्रझिन्स्की यांनी ती पडद्यावर येण्याआधीपासून, म्हणजे १९९१ पासून, जीनी व कॉम्प्युसर्व्ह या संगणकसेवांवर आणि नंतर युजनेट या संगणकावरील चर्चाजालावर प्रेक्षकांना हजारो उत्तरे लिहिली. प्रसिद्धी विभागाचा माणूस मधे नव्हता. दिवसा पटकथा लिहिणारा माणूसच रात्री तिच्याबद्दलच्या शंका निरसत बसे. अनेक भाग कसे घडले याचा लेखी पुरावा आज मिळतो, तो या उत्तरांमुळे.

विज्ञानकथेचा प्रेक्षक मुळातच प्रश्न विचारणारा असतो. कौटुंबिक मालिकेत घर कुठे आहे, दिवाणखान्याला दारे किती, हे कोणी मोजत बसत नाही. अनोळखी जग उभे केले की प्रेक्षक ते वाजवून बघतो. ‘स्टार ट्रेक’ बंद पडू नये म्हणून १९६८ मध्ये बिजो व जॉन ट्रिम्बल या दांपत्याने पत्रमोहीम उभी केली आणि मालिकेला तिसरे पर्व मिळाले. त्याच मालिकेचा चाहता असलेला डेव्हिड जेरॉल्ड हा तरुण महाविद्यालयात शिकत असताना तिच्यासाठी कथा पाठवू लागला आणि डिसेंबर १९६७ मध्ये ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा त्याने लिहिलेला भाग प्रक्षेपित झाला. पुढे जेरॉल्ड आणि ‘स्टार ट्रेक’च्या जुन्या कथासंपादक डी. सी. फाँटाना या दोघांनीही ‘बॅबिलॉन ५’साठी लेखन केले. त्यामुळे प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे हे दोन वेगळे वर्ग आहेत, असे या क्षेत्रात कधी फारसे नव्हतेच. मात्र पत्राला उत्तर यायला महिने लागत. आले तरी ते एकाच वाचकाच्या घरी राही. संगणकजालाने हा वेळ काही तासांवर आणला आणि एकाचे उत्तर सर्वांसमोर ठेवले.

‘बॅबिलॉन ५’चा प्रारंभिक चित्रपट फेब्रुवारी १९९३ मध्ये दाखवला गेला. नियमित मालिका जानेवारी १९९४ ते नोव्हेंबर १९९८ अशी पाच पर्वे चालली. एकूण ११० भागांपैकी ९२ एकट्या स्ट्रझिन्स्कींनी लिहिले. तिसरे आणि चौथे पर्व तर सबंध त्यांच्याच हातचे. पाचव्या पर्वातला नील गेमन यांचा ‘डे ऑफ द डेड’ हा एक भाग तेवढा दुसऱ्याचा. अमेरिकी दूरचित्रवाणीत अशा प्रमाणात एकहाती लेखन अत्यंत दुर्मीळ आहे. म्हणूनच ‘हे असे का?’ हा प्रश्न कोणाला विचारायचा, याबद्दल प्रेक्षकाच्या मनात शंका नव्हती.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. त्या काळच्या मालिकांचा प्रत्येक भाग बहुतेक स्वतंत्र असे. कोणताही भाग कधीही पाहावा. ‘बॅबिलॉन ५’ मात्र पाच वर्षांच्या एका कादंबरीसारखी आखली होती. मालिकेच्या पहिल्याच भागात सेंटॉरी या परग्रही जमातीचा राजदूत लोंडो मोलारी आपले स्वप्न सांगतो : वीस वर्षांनंतर आपण म्हातारे झालो आहोत, आपले हात एकाच्या गळ्याभोवती आहेत आणि त्याचे आपल्या; आणि तो माणूस म्हणजे नार्न या दुसऱ्या परग्रही जमातीचा राजदूत जी’कार. हे ऐकल्यावर प्रेक्षकाने विचारलेच पाहिजे, की हे खरेच घडणार आहे का? स्ट्रझिन्स्कींना उत्तर ठाऊक होते आणि ते देत नव्हते. ते दिले तिसऱ्या पर्वातील ‘वॉर विदाउट एंड’ या जोडभागाने. लेखकाला पुढचे माहीत आहे, तो मनाला येईल तसे रेटत नाही, हा विश्वास बसल्याशिवाय अशा प्रश्नोत्तरांना अर्थ राहत नाही. पहिल्या पर्वातील ‘बॅबिलॉन स्क्वेअर्ड’मधल्या कोड्यांची उकलही त्याच जोडभागात, म्हणजे दोन वर्षांनी झाली. मधल्या काळात चाहत्यांनी तर्कांचे डोंगर रचले.

विचारल्या जाणाऱ्या गोष्टींत भौतिकशास्त्राचा वाटा मोठा होता. बॅबिलॉन ५ हे पाच मैल, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर लांबीचे अंतराळस्थानक आहे. ते स्वतःभोवती फिरते आणि त्या फिरण्यातूनच आतल्या लोकांना वजन मिळते. जेरार्ड ओ’नील या भौतिकीतज्ज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेल्या दंडगोलाकार अंतराळवसाहतींशी या रचनेचे जवळचे नाते आहे. स्टारफ्युरी ही लढाऊ याने विमानासारखी वळसे घेत नाहीत. इंजिन बंद करून त्याच वेगाने पुढे जाता जाता ती नाक मागे फिरवून गोळीबार करू शकतात, कारण पोकळीत हवेचा आधारही नाही आणि अडथळाही नाही. असे काही पडद्यावर दिसले, की हिशेब करणारे पुढे येतातच. याने नेमक्या किती वेगाने जातात, या प्रश्नाला स्ट्रझिन्स्कींनी दिलेले उत्तर चाहत्यांच्या तोंडी बसले आहे : कथानकाच्या वेगाने. ही पळवाट वाटेल, पण तिच्यात एक सरळ कबुली आहे. यान लढाईला वेळेत पोचते की उशिरा, हे शेवटी प्रसंगाची गरज ठरवते. एकदा आकडा छापला, की पुढच्या प्रत्येक पटकथेला तो बांधून टाकतो.

पात्रांविषयीचे प्रश्न वेगळ्या जातीचे होते. दुसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात व्होर्लॉन या प्राचीन परग्रही जमातीचा राजदूत कॉश प्रथमच आपल्या चिलखतातून बाहेर येतो. पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धर्मपरंपरेतली तेजोमय आकृती दिसते. फक्त लोंडो म्हणतो, आपल्याला काहीच दिसले नाही. का? तो खोटे बोलतो आहे, की ज्या युद्धाला त्याने वाट करून दिली त्यानंतर त्याला दिसणे शक्यच उरले नव्हते? मालिकेने याचा निकाल लावला नाही आणि ते योग्यच केले. लोंडोचे सारे दुःख त्या एका वाक्यात असताना त्याखाली तळटीप जोडली असती, तर काहीतरी गमावले असते. जेरॉल्ड यांनी लिहिलेला पहिल्या पर्वातील ‘बिलीव्हर्स’ हा भागही असाच. शरीराला छेद दिला तर आत्मा निघून जातो, असे मानणारे आईवडील मुलाच्या शस्त्रक्रियेला नकार देतात. डॉक्टर फ्रँकलिन त्यांना न जुमानता ती करतात, मूल बरे होते आणि आईवडीलच त्याला संपवतात. चूक कोणाची, हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रेक्षकांनी आपसांत वाद घालावा, अशीच स्ट्रझिन्स्कींची इच्छा असे. ते स्वतः नास्तिक. तरीही मालिकेत श्रद्धाळू माणसांना मिळालेला आदर पाहून अनेकांना नवल वाटे आणि त्यावरही विचारणा होई. ‘द पार्लमेंट ऑफ ड्रीम्स’ या भागात परग्रहवासी आपापले धर्मविधी दाखवतात. पृथ्वीची पाळी आल्यावर स्थानकाचा प्रमुख सिंक्लेअर वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांची लांबच लांब रांग उभी करून एकेकाची ओळख करून देतो. रांगेतला पहिला माणूस नास्तिक आहे.

विशेष म्हणजे प्रश्न विचारणे हा या मालिकेच्या कथेचाही गाभा आहे. तिच्यातल्या दोन प्राचीन शक्ती माणसांना एकेक प्रश्न विचारून जोखतात. व्होर्लॉन विचारतात, ‘तू कोण आहेस?’ शॅडोज विचारतात, ‘तुला काय हवे आहे?’ पहिल्या पर्वात शॅडोजचा हस्तक मॉर्डन हा दुसरा प्रश्न लोंडोला विचारतो आणि त्याने दिलेल्या उत्तरातून पुढचे युद्ध उभे राहते.

या मोकळ्या व्यवहारात एक गंभीर अडचणही आली. अमेरिकी कायद्यात निव्वळ कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो. पण ‘माझी कल्पना चोरली’ असा दावा कोणीही गुदरू शकतो आणि तो लढायला पैसा व वेळ जातो. म्हणून तिथल्या निर्मितिसंस्था न मागता आलेल्या कथा न वाचताच परत पाठवतात. स्ट्रझिन्स्की जिथे चाहत्यांशी बोलत, तिथे ‘असे का झाले?’ हा प्रश्न चालत असे. ‘असे झाले तर?’ हा प्रश्न मात्र धोक्याचा होता. एका चाहत्याने मांडलेला तर्क तिसऱ्या पर्वासाठी योजलेल्या ‘पासिंग थ्रू गेथसेमेनी’ या कथेच्या फार जवळ गेला. ही कथा ब्रदर एडवर्ड या संन्याशाची. खुनाची शिक्षा म्हणून त्याची स्मृती पुसलेली असते आणि आपण पूर्वी कोण होतो हे त्याला हळूहळू कळू लागते. स्ट्रझिन्स्कींना कथा बाजूला ठेवावी लागली. त्या चाहत्याने आपला कसलाही हक्क नसल्याचे लेखी दिल्यानंतरच ती पुढे सरकली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रक्षेपित झाली. ब्रॅड डूरिफ यांनी साकारलेला एडवर्ड मालिकेतील अविस्मरणीय पाहुण्या पात्रांपैकी एक आहे. तो कागदावरच राहिला असता, हे आठवले की आजही चुटपुट लागते. पुढे या चर्चेसाठी आलेला मजकूर आधी तपासून मगच पुढे सोडणारा वेगळा गट स्थापन झाला. कथाकल्पना गाळून उरलेले लेखकापुढे ठेवायचे, हे काम स्वयंसेवक विनामोबदला करत.

चाहत्यांनी स्वतःलाही शिस्त लावून घेतली होती. दुसऱ्या पर्वाचे शेवटचे भाग अमेरिकेत रोखून धरले गेले आणि ब्रिटनमध्ये आधी दिसले. तेव्हा ज्यांनी पाहिले ते ज्यांनी पाहिले नव्हते त्यांच्याशी बोलताना मजकुराआधी कोऱ्या ओळी सोडत, म्हणजे नकळत रहस्यावर नजर पडू नये. फसलेल्या भागांबद्दल विचारले, तर स्ट्रझिन्स्की सहसा बचाव करत नसत. ‘इन्फेक्शन’ आणि ‘ग्रे १७ इज मिसिंग’ हे भाग जमले नाहीत, हे त्यांनी मान्य केले.

एक प्रश्न वर्षानुवर्षे पाठ सोडत नव्हता : ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ ही मालिका ‘बॅबिलॉन ५’वरून उचलली आहे का? स्ट्रझिन्स्कींनी १९८९ मध्ये आपला आराखडा ‘स्टार ट्रेक’ बनवणाऱ्या पॅरामाउंट कंपनीला दाखवला होता आणि जानेवारी १९९३ मध्ये त्याच कंपनीची अंतराळस्थानकावरची मालिका सुरू झाली. तिच्या निर्मात्यांनी जाणूनबुजून काही घेतले असे आपल्याला वाटत नाही, असे ते सांगत; कंपनीतल्या अधिकाऱ्यांबद्दलची शंका मात्र त्यांनी लपवली नाही. दोन्हींकडचे चाहते हमरीतुमरीवर येत. अशा वातावरणात ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांच्या पत्नी मेजेल बॅरेट यांनी १९९६ मध्ये ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ या भागात सेंटॉरी सम्राटाच्या विधवेची, लेडी मोरेलाची, भूमिका स्वीकारली. भांडणाऱ्या चाहत्यांना यातून जे कळायचे ते कळले.

पुढच्या पिढीतील लेखकांनी हीच वाट वेगवेगळ्या माध्यमांत चालवली. ‘डीप स्पेस नाइन’च्या काळात रोनाल्ड मूर चाहत्यांना उत्तरे देत. नंतरच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या भागांवर त्यांनी ध्वनिमुद्रित भाष्ये केली. ‘लॉस्ट’चे डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज प्रेक्षकांचे प्रश्न वाचून दाखवून त्यांवर बोलत. ‘द एक्स-फाइल्स’ने तर प्रश्नकर्त्या चाहत्यालाच पात्र बनवले. मे २००१ मधील ‘अलोन’ या भागात लेला हॅरिसन ही नवखी अधिकारी मल्डर आणि स्कली या मालिकेच्या नायक-नायिकेला विचारते, की अंटार्क्टिकावर वाहनातले इंधन संपले होते, मग तुम्ही परत आलात कसे? १९९८ च्या चित्रपटापासून प्रेक्षकांना पडलेला हा प्रश्न. दोघे त्यावर एकमेकांशी हुज्जत घालू लागतात आणि उत्तर राहूनच जाते. लेलाचे नाव कर्करोगाने गेलेल्या एका चाहतीच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे.

‘बॅबिलॉन ५’च्या प्रत्येक पात्रासाठी स्ट्रझिन्स्कींनी कथेत एक चोरदरवाजा ठेवला होता : कलाकार सोडून गेला तरी कथा थांबू नये. टालिया विंटर्स साकारणाऱ्या अँड्रिया थॉम्सन दुसऱ्या पर्वात गेल्या आणि त्या पात्राच्या जागी लायटा अलेक्झांडर हे जुने पात्र परतले. चौथ्या पर्वानंतर इव्हानोव्हा साकारणाऱ्या क्लॉडिया ख्रिश्चन गेल्या आणि लॉकली हे नवे पात्र आले. सर्वांत मोठा बदल मात्र पहिल्या पर्वानंतरचा. नायक सिंक्लेअर, म्हणजे मायकेल ओ’हेअर, निघून गेले आणि ब्रूस बॉक्सलाइटनर यांचा शेरिडन आला. चाहत्यांनी हरतऱ्हेने विचारले : काढून टाकले का, भांडण झाले का, पैशांवरून बिनसले का? स्ट्रझिन्स्की सांगत राहिले, की निर्णय सामोपचाराचा होता आणि शॅडोजशी वैयक्तिक नाते असलेला नायक कथेला हवा होता. शेरिडनच्या पत्नीच्या बेपत्ता होण्याने ते नाते जुळवले होते, त्यामुळे हे उत्तर खोटे नव्हते, पुरेही नव्हते. चौकस लोकांना ते जाणवत होते.

ओ’हेअर यांचे सप्टेंबर २०१२ मध्ये निधन झाले. पुढच्या वर्षी फिनिक्स येथील चाहत्यांच्या संमेलनात स्ट्रझिन्स्कींनी उरलेले उत्तर दिले. पहिल्या पर्वाच्या चित्रीकरणादरम्यान ओ’हेअर यांना गंभीर मानसिक आजाराने ग्रासले होते. भ्रम होत असतानाही ते काम करत होते. उपचारांसाठी काही महिने चित्रीकरण थांबवायची तयारी स्ट्रझिन्स्कींनी दाखवली. इतरांच्या नोकऱ्या जातील म्हणून ओ’हेअर यांनी ते नाकारले आणि पर्व पूर्ण केले. पुढे उपचारांनी बरे वाटू लागल्यावर ते ‘वॉर विदाउट एंड’साठी परतले आणि सिंक्लेअरची कथा त्यांनीच शेवटाला नेली. ही गोष्ट आपण मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही, असे वचन स्ट्रझिन्स्कींनी दिले होते. तुमच्या नव्हे, माझ्या मरणापर्यंत सांगू नका, असे ओ’हेअर यांनी त्यांना सांगितले. नंतर लोकांना कळू द्या, म्हणजे अशा आजाराशी झुंजणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल. १९९४ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चाहत्यांना २०१३ मध्ये मिळाले.