लॅपटॉपच्या पडद्याची पारख

लॅपटॉपच्या पडद्याची पारख : लॅपटॉप विकत घेण्यापूर्वी त्याच्या पडद्याचा दर्जा छापील तपशिलावरून आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी तपासून पाहण्याची रीत. अनेक यंत्रांत रॅम किंवा एसएसडी पुढे वाढवता येते. पडदा मात्र बहुधा यंत्राच्या आयुष्यभर तोच राहतो आणि वापरणाऱ्याची नजर रोज कित्येक तास त्याच्यावरच खिळलेली असते. असे असूनही विक्रीच्या फलकावर प्रोसेसरची माहिती ठळक अक्षरांत दिसते आणि पडद्याची बोळवण ‘फुल एचडी, अँटी-ग्लेअर’ एवढ्यावरच होते. पहिल्या शब्दाने चित्रबिंदूंची संख्या कळते, दुसऱ्याने पृष्ठभाग चकचकीत नाही एवढेच कळते. रंग, तेज आणि कोन यांविषयी त्यांतून काहीच हाती लागत नाही.

पॅनेलचा प्रकार : पॅनेल म्हणजे पडद्याचा चित्र दाखवणारा मूळ भाग. द्रवस्फटिकी म्हणजे एलसीडी पडद्यात मागून पांढरा उजेड पडतो आणि स्फटिकांचा थर तो कमीअधिक अडवतो. स्फटिक कसे वळतात यावरून टीएन, व्हीए आणि आयपीएस असे प्रकार पडतात. १९९६च्या सुमारास हिताची कंपनीने बाजारात आणलेल्या आयपीएस तंत्रात स्फटिक पडद्याला समांतर राहूनच फिरतात, म्हणून बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. टीएन पडद्यात वरखाली पाहताना चित्र फिकटते किंवा काळवंडते आणि खालून पाहिल्यास चेहऱ्यांच्या सावल्या निगेटिव्हसारख्या उलटतात. स्वस्त यंत्रांत हा प्रकार अजूनही आढळतो. पॅनेलचा प्रकार तपशिलात लिहिलेलाच नसेल, तर आयपीएस गृहीत धरू नये. ओलेड पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. मात्र पांढऱ्या पानावर दिवसभर लिहिणाऱ्याच्या बॅटरीवर त्याचा भार अधिक पडतो आणि एकाच जागी वर्षानुवर्षे राहणाऱ्या चित्राचा, उदाहरणार्थ खालच्या टास्कबारचा, पुसट ठसा उमटण्याची शक्यता राहते.

बिंदूंची दाटी : १५.६ इंची (३९.६ सेंमी.) पडद्यावर १३६६ × ७६८ बिंदू असतील, तर दर इंचाला सुमारे १०० बिंदू बसतात आणि एक बिंदू पाव मिलिमीटरचा होतो. त्याच आकारात १९२० × १०८० बिंदू (म्हणजे फुल एचडी) असतील, तर ही दाटी १४१ होते. रोमन लिपीला पहिली दाटी एक वेळ चालून जाते, देवनागरीला ती पुरत नाही. शिरोरेषेवर रफार, त्याला चिकटून वेलांटी आणि वर अनुस्वार अशी गर्दी ‘मूर्तींचा’ सारख्या शब्दात होते. विरळ पडद्यावर हे तिन्ही मिळून एक ठिपका बनतो, ‘प’ आणि ‘ष’ यांतला फरक शोधावा लागतो आणि ‘द्ध’, ‘द्भ’ ही जोडाक्षरे नुसत्या अंदाजाने वाचावी लागतात. म्हणून मराठी मजकुराचे एक पान, शक्यतो बारीक टाइपातली पीडीएफ, शंभर टक्के आकारात उघडून हातभर अंतरावरून वाचून पाहणे ही मराठी वाचकासाठी सर्वांत खरी कसोटी ठरते.

तेजस्विता : ती निट या एककात मोजतात. एक निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला. बंद खोलीत २५० निट भागतात. गॅलरीत, आगगाडीच्या खिडकीशी किंवा मागे उघडा दरवाजा असलेल्या दुकानात बसणाऱ्याने ३०० हा किमान आकडा मानावा, आणि ४०० मिळाले तर अधिक चांगले. चकचकीत पडद्यात रंग खुलतात, परंतु ट्यूबलाइटचे प्रतिबिंबही तितकेच खुलते. दुकानातले नमुन्याचे यंत्र बहुधा पूर्ण तेजावर असते आणि त्यावर पोपट, फुले व रंगीत पाण्याचे थेंब यांची गडद चित्रफीत फिरत असते. तिच्यावरून पडद्याचे मोल करणे व्यर्थ आहे.

रंग : येथे ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल होते. पुष्कळ स्वस्त पडद्यांच्या तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. एनटीएससी हा १९५३च्या अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीचा मानदंड आहे आणि टक्के म्हणजे त्याच्या रंगक्षेत्राच्या तुलनेत पडदा दाखवू शकतो तेवढे क्षेत्र. संगणकावरची आणि महाजालावरची चित्रे प्रामुख्याने एसआरजीबी या मानदंडानुसार बनवलेली असतात, जो ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६मध्ये मांडला. एसआरजीबीचे क्षेत्र एनटीएससीच्या सुमारे ७२ टक्के भरते. म्हणजे ‘७२ टक्के एनटीएससी’ हा पडदा जवळपास पूर्ण रंग दाखवतो, तर ४५ टक्क्यांचा पडदा एसआरजीबीच्या साठ-पासष्ट टक्क्यांवरच थांबतो. हा फरक आकड्यांत किरकोळ वाटतो, पण पडद्यावर कुंकवाचा लाल विटकरीकडे झुकतो आणि पैठणीच्या पदरातला मोरपंखी निस्तेज होतो. छायाचित्रे सुधारणाऱ्या, लग्नपत्रिका जुळवणाऱ्या किंवा कपडे ऑनलाइन विकणाऱ्या माणसाने असा पडदा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण त्यावर सुधारलेला रंग दुसरीकडे भडक निघतो. टंकलेखन आणि हिशेब एवढेच काम असेल तर तो निभावतो.

रंगांच्या छटा हा वेगळा मुद्दा आहे. प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ छटा दाखवणाऱ्या पॅनेलवर २,६२,१४४ रंग होतात, तर २५६ छटांच्या पॅनेलवर १ कोटी ६७ लाखांहून अधिक. मावळतीच्या आकाशाचे चित्र पाहताना रंग एकमेकांत विरघळत न जाता पायऱ्यापायऱ्यांनी उतरताना दिसला, तर पॅनेल ६४ छटांचे असण्याचा संभव असतो. अर्थात चित्रच फार दाबून जतन केलेले नाही, याची आधी खात्री करावी.

प्रत्यक्ष तपासणी : मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) असो वा गावातले एकमेव दुकान, पेन ड्राइव्हवर सात-आठ चित्रे घेऊन जाणे पुरते. त्यांत लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा अशी पाच कोरी चित्रे, एक मराठी पान आणि आपल्या ओळखीच्या माणसाचे एक छायाचित्र असावे, कारण त्या चेहऱ्याचा खरा वर्ण आपल्याला ठाऊक असतो. पांढऱ्या चित्रावर कोपरे पिवळट किंवा मळकट आहेत का, हे कळते. काळ्या चित्रावर कडांतून झिरपणारा उजेड दिसतो, मात्र तो तपासताना मान हलवावी. मान हलवल्यावर जो उजळपणा सरकतो किंवा मावळतो ती आयपीएसची स्वाभाविक झाक होय. जो जागचा हलत नाही तो जोडणीतला दोष. झाकण मागेपुढे करूनही चित्र पाहावे, कारण मांडीवर काम करताना नजर कधीच काटकोनात नसते.

काही पडदे तेज कमी करण्यासाठी उजेड अतिशय वेगाने चालू-बंद करतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, परंतु काहींचे डोके त्यामुळे दुखते. तेज एक चतुर्थांशावर आणून मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका ठेवावा. पांढऱ्या पानावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले, तर असे लुकलुकणे आहे असे समजावे. रात्री मंद उजेडात काम करणाऱ्याने ही चाचणी टाळू नये. रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला जितक्या वेळा चित्र नव्याने काढतो तो वेग, ६० हर्ट्झचा असला तरी लेखन-वाचनाला अडत नाही. खेळांसाठी १२० वा १४४चा उपयोग होतो.

एकच नाव, निराळे पडदे : एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या निरनिराळ्या उत्पादकांची पॅनेल बसवतात आणि परदेशी समीक्षेत वाखाणलेला पडदा भारतात विकल्या जाणाऱ्या प्रतीत असेलच असे नाही. त्यामुळे मॉडेलच्या नावापेक्षा त्याचा पूर्ण उत्पादन-क्रमांक जुळवावा. यंत्र सुरू झाल्यावर हार्डवेअरची माहिती देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पॅनेलचा क्रमांकही वाचता येतो. नमुन्याचे यंत्र तपासून खोक्यातले दुसरेच घरी नेले जाते, म्हणून वरील सर्व चाचण्या खोके फोडल्याच्या दिवशीच, बदलून देण्याची मुदत संपण्यापूर्वी, पुन्हा कराव्यात आणि खोके उघडतानाची चित्रफीत जपून ठेवावी.

फुल एचडी पडद्यात २० लाख ७३ हजार ६०० चित्रबिंदू आणि प्रत्येकात तीन उपबिंदू असतात. त्यांतला एखादा कायमचा विझलेला किंवा पेटलेला निघू शकतो. आयएसओ ९२४१-३०७ या आंतरराष्ट्रीय मानकात दर दहा लाख बिंदूंमागे किती दोष चालतील याच्या श्रेणी ठरवलेल्या आहेत आणि त्यांच्या आधारे कंपन्या एका मृत बिंदूसाठी पडदा बदलून देण्यास नकार देऊ शकतात. म्हणून पडद्याच्या मधोमध असा बिंदू दिसल्यास वॉरंटीवर विसंबून न राहता विक्रेत्याच्या परतीच्या मुदतीचाच आधार घ्यावा.

वापरलेला लॅपटॉप घेताना पांढऱ्या चित्रावर धूसर उजळ डाग दिसतात का, हे पाहावे. पिशवीत दाब पडल्याने ते उमटतात आणि पुसून जात नाहीत. पडद्याभोवतीची चौकट एखाद्या बाजूला उचकटलेली असेल, तर पॅनेल बदललेले असण्याची शंका घ्यावी व मूळ तपशिलाशी त्याचा क्रमांक ताडून पाहावा.