गिअरचा झटका म्हणजे टीसीएम गेला?

"ऑटोमॅटिक गाडी झटके देते म्हणजे टीसीएम, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, जळला, नवाच टाका," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण गिअरचा निर्णय तोच घेतो. पण घेतो दुसऱ्यांनी कळवलेल्या माहितीवर. शाफ्टचा वेग सेन्सर सांगतो, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते इंजिनचा कॉम्प्युटर, ईसीयू, कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याच्या, दोन पिळलेल्या तारांवरून. मग टीसीएम सोलेनॉइडला, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाची विजेवर चालणारी झडप, तिला करंट देतो. वाटेतला एखादा कनेक्टर गंजून हिरवा पडला, तरी झटका तसाच बसतो.

आधी स्कॅनरवर बिघाडाचे कोड वाचा. मग बॅटरीची वायर काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात त्याच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मल्टिमीटर लावा. बहुतेक गाड्यांत साधारण ६० ओहम यायला हवेत, कारण कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर समांतर असतात. १२० आले, तर एक टोक तुटलंय. आधी ती तार शोधा.